घरच्या संगणकाची राखण



खेड्यातल्या घरांत संगणक आला त्याला आता बरीच वर्षे झाली. कोणी मुलाच्या कॉलेजसाठी घेतला, कोणी दुधाच्या हिशेबासाठी, तर कोणी द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी ठेवण्यासाठी. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, पीककर्जाचे कागद, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, मुलीचे दाखले, घरातल्या लग्नाचे फोटो हे सारे हळूहळू त्यात जाऊन बसले. पूर्वी असे कागद आजीच्या ट्रंकेत असत. ट्रंकेला कुलूप असे आणि किल्ली आजीच्या कमरेला. आज ट्रंकेचे काम संगणक करतो, पण कुलपाची आठवण फार थोड्या घरांत राहिली आहे.

या संगणकालाही रोग होतो, कीड लागते. त्याला आपण सरसकट 'व्हायरस' म्हणतो. पण पिकावरची कीड आणि ही कीड यांत एक मोठा फरक आहे. पिकावरची कीड वाऱ्याबरोबर येते, तिला कोणी बोलावत नाही. संगणकावरची कीड मात्र बहुतेक वेळा घरातलाच कोणीतरी दार उघडून आत घेतो. चुकून घेतो, घाईत घेतो, फुकटच्या मोहाने घेतो. म्हणून ही राखण एखादी वस्तू विकत आणून होत नाही. घरातल्या सगळ्यांनी चार सवयी लावून घेतल्या तरच ती होते. त्या सवयी कोणत्या, ते या लेखात सांगत आहे.

ही कीड म्हणजे आहे तरी काय?

संगणक जी कामे करतो, ती त्याला लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे करतो. या सूचनांच्या संचाला प्रोग्रॅम म्हणतात. व्हायरस हाही एक प्रोग्रॅमच असतो, फक्त तो आपल्या नुकसानीसाठी लिहिलेला असतो. त्याच्या मुख्य जाती अशा:

व्हायरस हा दुसऱ्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल उघडली की पसरतो. वर्म, म्हणजे किडा, याला कोणी उघडण्याची गरज नसते. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून जातो. ट्रोजन हा सोंग घेऊन येतो. दिसायला उपयोगी प्रोग्रॅम आणि पोटात चोर. स्पायवेअर हा हेर असतो. तो गुपचूप बसून आपण कळफलकावर दाबलेले अक्षर न् अक्षर टिपतो आणि बँकेचा पासवर्ड परक्या माणसाला पोचवतो. रॅन्समवेअर हा सर्वांत दुष्ट. तो आपल्या सगळ्या फाइलींना आपले कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो.

आपल्याकडच्या घरगुती संगणकांच्या जातीचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याचे नाव 'ब्रेन'. तो फ्लॉपी नावाच्या चकतीवरून पसरत असे. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल कोण करते ते कळावे म्हणून तो लिहिला, असे त्या भावांनी पुढे सांगितले. त्या काळी हा प्रकार बराचसा खोडसाळपणाचा होता. आज तो धंदा झाला आहे. गावात बसलेल्या आपल्याला कोण कशाला त्रास देईल, असे म्हणू नका. चोर गाव पाहून येत नाही. त्याचा प्रोग्रॅम जगभर दारे ठोठावत फिरतो आणि जे उघडे सापडते तिथे शिरतो.

दार कोणकोणते?

*पहिले दार पेनड्राइव्हचे.* अर्जाची प्रिंट काढायला आपण पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या दुकानातल्या संगणकाला दिवसभर गावोगावचे पेनड्राइव्ह लागलेले असतात. एकाला लागण असली की ती सगळ्यांना मिळते. बाजारातून आणलेली गाय आपण लगेच गोठ्यातल्या जनावरांत बांधत नाही, काही दिवस वेगळी ठेवून पाहतो. तोच नियम इथे लावावा. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह लावला की लगेच उघडू नये. त्याच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि 'स्कॅन' म्हणून जो पर्याय येतो तो निवडावा. तपासणी पूर्ण झाली की मगच उघडावा. कधी कधी पेनड्राइव्हमधल्या फाइली नाहीशा होऊन त्यांच्या जागी नुसते 'शॉर्टकट' दिसतात. हे लागण झाल्याचे लक्षण आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये आणि घाबरून पेनड्राइव्ह पुसूनही टाकू नये. पुष्कळदा मूळ फाइली तिथेच लपवलेल्या असतात आणि जाणकार माणूस त्या परत काढून देतो.

*दुसरे दार ईमेल आणि निरोपांचे.* मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा वर्म फिलिपाइन्समधून निघाला आणि थोड्याच दिवसांत जगभर पसरला. ईमेलला प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली असे. नावावरून ती साधी मजकुराची फाइल वाटे, कारण नावाचा खरा शेवट संगणक दाखवतच नसे. लोकांनी कुतूहलाने ती उघडली आणि फसले. ही युक्ती जुनी झाली तरी बंद झालेली नाही. आज प्रेमपत्राऐवजी अनुदानाची यादी, कुरिअरची पावती किंवा वीजबिल येते. फाइलचे नाव 'सातबारा.पीडीएफ' असे दिसते आणि त्याच्या पुढे लपलेले असते 'ईएक्सई'. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. म्हणून संगणकावर कोणतेही फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू' या यादीत जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय चालू करून ठेवा. मग प्रत्येक फाइलच्या नावाचा खरा शेवट दिसू लागतो. दोन मिनिटांचे काम आहे, पण फार उपयोगी आहे.

*तिसरे दार फुकटच्या मालाचे.* विकत घ्यायचे सॉफ्टवेअर, सिनेमे, खेळ यांच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. अशा प्रतीबरोबर 'क्रॅक' नावाची एक फाइल येते आणि सोबत सूचना असते, "हे चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा." विचार करा, राखणीचा कुत्रा बांधून ठेवा, मग मी आत येतो, असे कोणी सांगितले तर आपण त्याला घरात घेऊ का? मुलांना हे नीट समजावून सांगा. लिहिण्याच्या आणि हिशेबाच्या कामाला 'लिब्रे ऑफिस' हे सॉफ्टवेअर अधिकृतपणे मोफत मिळते. चोरीचा माल घेण्याचे कारणच उरत नाही.

*चौथे दार भीतीचे.* इंटरनेटवर काही पाहत असताना एकदम पडदा लाल होतो. "तुमच्या संगणकात व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा" अशी पाटी येते, कर्कश आवाज सुरू होतो. ही पाटी खोटी असते. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून आपल्याकडून एक प्रोग्रॅम बसवून घेतो आणि त्याच्या मदतीने आपला संगणक दूर बसून स्वतः चालवू लागतो. पुढे बँक खाते उघडायला लावतो. हे कुंपणानेच शेत खाण्यासारखे आहे. अशी पाटी आली तर फोन करू नका. आल्ट आणि एफ-४ ही दोन बटणे एकदम दाबून ती खिडकी बंद करा. बंद झाली नाही तर संगणकच बंद करून पुन्हा सुरू करा.

राखणीचे नियम

दारे कळली. आता राखणीचे बघू.

१. *अपडेट टाळू नका.* प्रोग्रॅममध्ये बारीक बारीक फटी राहून जातात. कंपनीला फट सापडली की ती बुजवण्याची दुरुस्ती ती मोफत पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचे रॅन्समवेअर जगात पसरले. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याने कुलूप घातले. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांची कामे अडली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ज्या फटीतून ते शिरले, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्ट कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते वेळेवर घेतले त्यांच्या संगणकांची ती फट बुजलेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये अशाच एका दुसऱ्या हल्ल्यात आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज अडले. आपली द्राक्षे आणि कांदा परदेशी जातात ते याच बंदरातून. तेव्हा ही गोष्ट शेतापासून दूर आहे असे समजू नये.

खेड्यात अपडेटला दोन अडचणी येतात. पहिली विजेची. अपडेट चालू असताना वीज गेली तर संगणक बिघडू शकतो. म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, किंवा वीज नक्की असेल त्या वेळी, हे काम करावे. दुसरी अडचण इंटरनेटची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल आणि ते कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदलेले असेल, तर बरीचशी अपडेट आपोआप उतरत नाहीत. आपल्याला वाटते सगळे ठीक आहे, आणि फटी तशाच राहतात. म्हणून महिन्यातून एकदा 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' उघडून स्वतः पाहावे.

आणखी एक. विंडोज ७ ला मिळणारी नियमित अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांनी पुढच्या मुदतीसाठी वेगळी नोंदणी केली, त्या घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वाढ देण्यात आली. आपल्याकडे यांतले कोणते आहे ते मुलाकडून पाहून घ्या. संगणक जुना असून विंडोज ११ त्यावर चालत नसेल, तर 'लिनक्स मिंट' किंवा 'उबुंटू' ही मोफत प्रणाली जाणकाराकडून बसवून घेता येते.

२. *अँटिव्हायरस एकच ठेवा, पण चालू ठेवा.* विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा राखणदार मुळातच असतो. घरगुती कामाला तो बऱ्यापैकी पुरतो. विकतचा घ्यायचा असेल तर आपल्या महाराष्ट्रातही तो तयार होतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात 'क्विक हील' उभे केले, ते याच क्षेत्रात. पण कोणताही घ्या, दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नका. ते एकमेकांनाच अडवतात आणि संगणक मंद होतो. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली की तो नव्या किडी ओळखत नाही. मुदत संपलेल्या औषधाची फवारणी जितकी कामाची, तितकाच तोही कामाचा.

३. *मुलांचे खाते वेगळे करा.* संगणकात एकापेक्षा जास्त 'युजर' करता येतात. त्यांतला एक मालक, ज्याला 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. तोच नवे प्रोग्रॅम बसवू शकतो. बाकीच्यांना 'स्टँडर्ड युजर' ठेवावे. मालकाचा पासवर्ड घरातल्या एका जबाबदार माणसाकडे असावा. मग खेळाच्या नादात मुलाने भलतीच फाइल उघडली, तरी ती साऱ्या संगणकाचा ताबा सहजासहजी घेऊ शकत नाही. रोजचे काम मोठ्यांनीही साध्या खात्यातूनच करावे.

४. *पत्ता वाचायला शिका.* सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' असा शेवट ठरवला आणि त्यावर जाण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हा शेवट नेमका कुठे पाहायचा? सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी. मध्येच कुठे बँकेचे नाव दिसले म्हणून फसू नये. पत्त्याजवळ कुलपाचे चित्र दिसले म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असेही नाही. वाटेत कोणी आपले बोलणे ऐकू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला सज्जन आहे की चोर, ते कुलूप सांगत नाही.

५. *मोबाइललाही हेच लागू.* गेल्या काही वर्षांत पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाइली पाठवून शेतकऱ्यांना फसवण्याचे प्रकार झाले आहेत. ती फाइल बसवली की मोबाइलवर येणारे संदेश, अगदी बँकेचा ओटीपीसुद्धा, चोर वाचू शकतो. योजनेचे अॅप निरोपातून आलेल्या फाइलवरून कधीही बसवू नका. मग तो निरोप गावच्या ग्रुपवर आलेला असो की सख्ख्या भावाच्या नंबरवरून. भावाच्या मोबाइललाच लागण झाली असेल तर तो निरोप भावाने पाठवलेलाच नसतो.

बियाण्याची कणगी वेगळी

इतके करूनही एखादे वर्ष वाईट येते. म्हणून जाणता शेतकरी सगळे धान्य एका कणगीत ठेवत नाही. बियाणे निवडून वेगळे ठेवतो आणि घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावत नाही. संगणकातल्या कागदांचेही असेच बियाणे वेगळे ठेवावे. त्याला 'बॅकअप' म्हणतात.

माझ्या कामाच्या भागातील एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. थोरल्या मुलाने नकाशे काढण्याचे एक महाग सॉफ्टवेअर क्रॅक करून बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडला तर एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. छाटणीपासूनच्या फवारणीच्या नोंदी, मजुरांचे हिशेब, व्यापाऱ्याकडची येणी, सगळे त्यात. माल परदेशी जायचा तर कोणत्या दिवशी कोणते औषध किती मारले याचा कागद लागतोच. बाप डोक्याला हात लावून बसला. तेव्हा घरची सून उठली आणि धान्याच्या कोठीवरच्या डब्यातून एक छोटी हार्ड डिस्क काढून आणली. दर अमावास्येला ती संगणकाची सगळी नक्कल त्या डिस्कवर घेत असे आणि डिस्क काढून डब्यात ठेवत असे. कोणी सांगितले नव्हते; दिवस लक्षात राहतो म्हणून अमावास्या धरली, इतकेच. अमावास्या होऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांच्या नोंदी वहीवरून पुन्हा भरल्या. खंडणीचा एक रुपया दिला नाही.

या गोष्टीतले मर्म 'काढून ठेवत असे' या शब्दांत आहे. डिस्क संगणकाला जोडलेलीच राहिली असती तर रॅन्समवेअरने तिलाही कुलूप घातले असते. तेव्हा नक्कल घ्यावी, डिस्क काढावी आणि संगणकापासून दूर ठेवावी. फार महत्त्वाच्या कागदांची आणखी एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी, नातेवाइकाकडे किंवा डिजिलॉकरसारख्या सरकारी सोयीत ठेवावी. वर्षातून दोनदा त्या डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीआधी तपासतो, तसेच हे.

लागण झालीच तर

संगणक एकाएकी मंद झाला, नको त्या जाहिराती येऊ लागल्या, न बसवलेले प्रोग्रॅम दिसू लागले, अँटिव्हायरस आपोआप बंद पडू लागला, तर संशय घ्यावा आणि पुढीलप्रमाणे वागावे.

पहिले काम, इंटरनेट तोडावे. वायफाय बंद करावे, केबल असेल तर काढावी. दुसरे, त्या संगणकावर बँकेचे कोणतेही काम करू नये. दुसऱ्या, निरोगी मोबाइलवरून ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत. तिसरे, डिफेंडरमधील 'ऑफलाइन स्कॅन' चालवावे. विंडोज सुरू होण्याआधीच ते तपासणी करते, त्यामुळे लपून बसलेली कीडही सापडण्याचा संभव वाढतो. चौथे, केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर संगणक स्वच्छ करणारी साधने मोफत आहेत, ती निरोगी संगणकावर उतरवून वापरावीत. रॅन्समवेअर असेल तर 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम पाहावा. युरोपातील पोलिसांनी आणि संगणक सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला. कित्येक जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. खंडणी देऊ नये. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याची खात्री नसते. काहीच उपाय चालला नाही तर सगळे पुसून विंडोज नव्याने बसवावे आणि वेगळ्या ठेवलेल्या नकलेवरून कागद परत भरावेत.

खात्यातून पैसे गेले असतील तर एक क्षणही घालवू नये. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक ताबडतोब फिरवावा, बँकेला कळवून खाते थांबवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. आणि लाजू नका. चोरी झाली यात चोराची लाज आहे, आपली नाही. पुष्कळ माणसे घरात बोलणी बसतील म्हणून दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात.

म्हणूनच घरातल्या कर्त्या माणसांना एक विनंती. मुलाने किंवा सुनेने येऊन "माझ्याकडून चुकून काहीतरी दाबले गेले" असे सांगितले, तर आधी रागावू नका. इंटरनेट तोडा, मग शांतपणे विचारा. आज रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि न सांगितलेली लागणच सर्वांत जास्त पसरते.

संगणकाची राखण करायला मोठे शिक्षण लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी आपण गोठ्यात एक फेरी मारतो, दाराची कडी पाहतो, मग अंथरुणाला पाठ टेकतो. तितकीच ही सवय आहे. या आठवड्यात तीन कामे करा. विंडोजची अपडेट झाली आहेत का ते पाहा. मुलांचे खाते वेगळे करा. एक डिस्क आणून सगळ्या कागदांची नक्कल घ्या आणि ती डिस्क काढून कोठीवरच्या डब्यात ठेवा. पुढची नक्कल येत्या अमावास्येला.